टेस्टमधला तोच तोच कोड हेल्परमध्ये काढायचा, पण किती?

ऐरोलीकर
महापेला एका छोट्या टीममध्ये आहे, पायटेस्ट (पायथनमध्ये टेस्ट लिहायचं टूल) आणि सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) वापरतो. लॉगिन कर, ग्राहक बनव, कार्टमध्ये दोन वस्तू टाक, हे सगळ्या टेस्टमध्ये कॉपी-पेस्ट झालंय. लॉगिन बटणाचा आयडी बदलला की अख्खा रिपोर्ट लाल. म्हणून एकाने सगळं उचलून मेक_ऑर्डर नावाचं हेल्पर फंक्शन केलं, तर आता त्याला लॉगिन=फॉल्स, कूपन=ट्रू, सीओडी=नन असं इतकं काय काय द्यावं लागतं की टेस्ट वाचून ती नक्की काय तपासतेय तेच कळेना. तुम्ही लोक नेमकं थांबता कुठे?

घोडबंदरवाला
ट्रू-फॉल्स द्यायची वेळ आली ना, की समजायचं दोन वेगळी कामं एका फंक्शनात कोंबलीयेत. मोडा ते. बटणाचे आयडी, क्लिक, वेट हे सगळं पेज ऑब्जेक्टमध्ये (त्या पानासाठीचा वेगळा क्लास), म्हणजे आयडी बदलला तरी एकाच जागी हात लावायचा. ग्राहक, ऑर्डर वगैरे डेटासाठी छोटे फिक्श्चर (टेस्टआधी तयारी करून देणारी फंक्शन), कॉन्फटेस्ट या सामायिक फाइलमध्ये, आणि फिक्श्चरमधल्या यील्डच्या खाली साफसफाई, म्हणजे टेस्ट आपटली तरी डेटा उडतो. पण ज्या गोष्टीसाठी टेस्ट लिहिली ती टेस्टमध्येच दिसली पाहिजे. कूपनची टेस्ट असेल तर कूपन आणि शेवटची रक्कम तिथेच लिहा, चार ओळी रिपीट झाल्या तर होऊ द्या. आणि फक्त आकडे बदलत असतील तर हेल्पर कशाला, पॅरामेट्राइज आहे की, एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांनी चालवतं.

लोकल९_१५
वरच्यांशी सहमत, फक्त एक. असर्ट, म्हणजे निकाल तपासणारी ओळ, हेल्परच्या वेगळ्या फाइलमध्ये नेलीत तर फेल झाल्यावर नुसतं असर्शन एरर येतं, डावीकडे किती उजवीकडे किती काही दिसत नाही, कारण पायटेस्ट टेस्ट फाइल, कॉन्फटेस्ट आणि प्लगिनमधलेच असर्ट आपणहून रीराइट करतं, म्हणजे तपशील दिसेल असे बदलून घेतं. इतर फाइलसाठी ती इम्पोर्ट व्हायच्या आधी रजिस्टर_असर्ट_रीराइट बोलवावं लागतं. आमच्याकडे यावरून लोक प्रिंट टाकत बसायचे 😅

ऐरोलीकर
भारी, हे माहीतच नव्हतं. मग लॉगिन फिक्श्चरला सेशन स्कोप (अख्ख्या रनमध्ये एकदाच चालेल असं) देऊ का? दर टेस्टला लॉगिन म्हणजे रन संपेपर्यंत माणूस ठाण्याला जाऊन परत येईल.

घोडबंदरवाला
लॉगिन एकदा करून कुकी (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) ठेवा, ती सेशन स्कोपमध्ये चालेल. ब्राउझर मात्र दर टेस्टला नवा, आणि सेलेनियममध्ये अ‍ॅड_कुकीच्या आधी त्या डोमेनचं कुठलंतरी पान उघडावं लागतं, नाहीतर एरर. कार्ट सेशन स्कोपमध्ये अजिबात नको, एका टेस्टने टाकलेली वस्तू दुसरीला दिसते, मग एकटी चालवली की पास आणि सगळ्यांसोबत फेल, शोधत बसा.

लोकल९_१५
आणि सगळं एकदम बदलायला जाऊ नका राव, ज्या टेस्टला हात लागेल तीच सुधारा. लॉगिनची स्वतःची टेस्ट मात्र कुकीशिवाय, खऱ्या फॉर्मवरूनच ठेवा.