मंजिष्ठेत रंगवलेल्या मलमलवर करडे डाग: मदत हवी आहे

सूतगुंडी: घोडबंदर रोडला राहते. कोरी मलमल 5 मीटर, वजन 400 ग्रॅम. रात्रभर डिटर्जंटमध्ये भिजवून धुतली. 80 ग्रॅम हिरडा पुडीच्या पाण्यात तासभर ठेवून, न धुता वाळवली. मग 60 ग्रॅम तुरटीत रात्रभर. सकाळी पिळून लगेच 200 ग्रॅम मंजिष्ठेत (लाल रंग देणारी मुळं) तासभर उकळली. भांडं स्टीलचं, पाणी टँकरचं. लाल हवा होता, आला विटकरी-तपकिरी. वर करडे डाग, आणि धुताना पाणी लाल. रविवारी आणखी 5 मीटर करायचं आहे. नेमकं काय चुकलं?

खाडीवारा: करडं म्हणजे लोखंड. हिरड्यातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, लोह भेटलं की शाईच तयार होते. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर पहिला संशय त्यावर. एका ग्लासात ते, दुसऱ्यात पालिकेच्या नळाचं पाणी घ्या, दोन्हींत चिमूटभर हिरडा पूड टाका. दहा मिनिटांत जो काळपट होईल त्यात लोह. कच्छमध्ये 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावाच्या पाण्यात लोह वाढलं, तेव्हा अजरख या ठसेछपाईच्या खत्री कारागिरांनी अजरखपूर हे नवं गाव वसवलं. तुमचं काम नळाच्या दोन बादल्यांवर भागेल.

सूतगुंडी: करून बघितलं. दोन्ही ग्लास सारखेच पिवळट. डाग मात्र चार-चार बोटांवर, उभ्या पट्ट्यांसारखे.

नेरूळ_पश्चिम: ताई, मग पाणी निर्दोष. हिरडा लावलेलं ओलं कापड बाल्कनीच्या ग्रिलवर टाकलं होतंत का?

सूतगुंडी: हो, ग्रिलवरच! रंग उडालाय तिचा.

नेरूळ_पश्चिम: सापडला चोर. नायलॉनची दोरी बांधा. प्लॅस्टिकच्या चिमट्यांची स्प्रिंगही गंजते, तीही बघा.

बाकी दोन चुका वेगळ्या. डिटर्जंटने कोऱ्या कापडाची खळ आणि सुताचा मेण जात नाही. 20 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून 10-12 लिटर पाण्यात दीड तास उकळा, पाणी चहासारखं होईल. खंगाळून वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका. टाकताक्षणी शोषला तरच पुढे जा, थेंब मण्यासारखा बसला तर पुन्हा उकळा. तुरटीनंतर कापड पूर्ण वाळवून दोन दिवस ठेवा, मग साध्या पाण्यातून एकदा काढा. तुम्ही ओलंच टाकलंत, त्यामुळे सुटी तुरटी भांड्यात उतरली, रंग तिच्यावरच बसला आणि कापडावर नुसता थर चढला. तोच धुताना गेला.

खाडीवारा: तपकिरीचं कारण उकळी. मंजिष्ठा रात्रभर भिजवा, कापड कोमट पाण्यातच सोडा, पाऊण तासात 65-70 अंशांवर न्या आणि तिथेच तासभर हलवत राहा. थर्मामीटर नसेल तर तळाला बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस कमी. आपल्याकडचं धरणाचं पाणी मऊ असतं आणि मंजिष्ठेला चुना लागतो. 8 ग्रॅम खडूची पूड रंगाच्या पाण्यात घाला. पुढे धुताना रिठाच, डिटर्जंटने लाल जांभळ्याकडे सरकतो.

सूतगुंडी: आधीच्या 5 मीटरचं काय? लिंबाने डाग जातील?

नेरूळ_पश्चिम: डाग फिके होतील, पण तिथली तुरटीही सुटेल आणि पांढुरके चट्टे दिसतील. त्यापेक्षा सगळंच कापड गडद करा. 4 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) 10 लिटर कोमट पाण्यात विरघळवा, कापड ओलं करून बुडवा, पाच मिनिटं सतत हलवा, लगेच खंगाळा. जांभळट तपकिरी येतो, पट्टे त्यात बरेचसे मिसळतात. 8 ग्रॅमच्या वर जाऊ नका, सूत कुजतं. आणि ती बादली हिरड्यासाठी पुन्हा वापरू नका.