मदत हवी आहे : जुळ्या मुलींच्या मध्ये आलेली ३१ डिसेंबरची अट (नर्सरी प्रवेश, पुणे)

नमस्कार.

आमच्या जुळ्या मुलींचा जन्म पुण्यात झाला. थोरली ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री ११ वाजून ५१ मिनिटांनी जन्मली आणि धाकटी १२ वाजून ७ मिनिटांनी, म्हणजे १ जानेवारी २०२४ ला. दोघींत सोळा मिनिटांचे अंतर आहे, पण जन्मदाखल्यांवर तारीख, महिना आणि वर्ष हे तिन्ही वेगळे आहेत. त्या रात्री सर्वांना याचे फार कौतुक वाटले होते. बाहेर फटाके वाजत होते आणि धाकटीच्या मनगटाला पट्टी बांधताना नर्सताई म्हणाल्या होत्या, "हिने नवीन वर्ष गाठलं बघा."

गेल्या आठवड्यात नर्सरीचा ऑनलाइन अर्ज भरताना त्याच सोळा मिनिटांनी आम्हाला अडवले. थोरलीचा अर्ज सरळ पुढे गेला. धाकटीच्या अर्जात जन्मवर्षाच्या यादीत २०२४ हे वर्षच नव्हते. शाळेत जाऊन विचारले, तेव्हा कार्यालयातील बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचले आणि थोरलीला यंदा घेता येईल, धाकटीला पुढच्या वर्षी आणा, असे सांगितले. त्या सौजन्याने बोलल्या, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

ज्यांना नियम माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. महाराष्ट्रात नर्सरीसाठी तीन वर्षे आणि पहिलीसाठी सहा वर्षे त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबरला पूर्ण व्हावी लागतात. पूर्वी ही तारीख ३० सप्टेंबर होती. सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ती तीन महिने पुढे गेली आणि २०२१-२२ पासून लागू झाली. जुनी तारीख राहिली असती तर आमच्या दोघी आपोआप एकाच वर्षात आल्या असत्या. आता जून २०२६ च्या नर्सरीसाठी थोरली पात्र मुलांतली अगदी शेवटची ठरते, आणि शाळा सुरू होईल त्या दिवशी तिला अडीच वर्षेही पूर्ण झालेली नसतील. धाकटी जून २०२७ मध्ये जाईल तेव्हा ती वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी एक असेल. सोळा मिनिटांनी लहान असलेली बहीण शाळेत एक इयत्ता मागे राहील, आणि हे अंतर दहावी-बारावीपर्यंत तसेच चालू राहील.

यात आणखी एक गोष्ट आहे. जुळी बाळे बहुधा दिवस पूर्ण भरण्याआधीच येतात, तशा आमच्याही पस्तिसाव्या आठवड्यात आल्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली होती. दिवस पूर्ण भरले असते तर दोघी २०२४ मध्येच जन्मल्या असत्या आणि हा प्रश्न उद्भवलाच नसता. दोन वर्षांच्या होईपर्यंत बालरोगतज्ज्ञ त्यांची वाढ मोजताना हे पाच आठवडे वजा करत असत. प्रवेशाच्या नियमात मात्र अशी वजाबाकी नाही.

घरात यावर बरीच चर्चा झाली आहे. एका नातेवाइकांनी धाकटीची तारीख एका दिवसाने "दुरुस्त" करून घेण्याचा सल्ला दिला. माझ्या सासऱ्यांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना ती लिहिली. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तशीच आहे. परंतु ते दिवस गेले, आणि ते गेले हे बरेच झाले. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. शिवाय खोटी तारीख लावून मुलीचे शिक्षण सुरू करावे हे आम्हा दोघांनाही पटत नाही. हा मार्ग आम्ही बंद केला आहे, तेव्हा कृपया तो सुचवू नये.

सासूबाईंचे म्हणणे असे की, थोरलीचे वर्ष कशाला वाया घालवायचे? त्या प्रेमापोटीच बोलतात, आणि माझ्या मनातही हीच टोचणी आहे. थोरली तीन शब्दांचे वाक्य बोलते, पाणी हवे असेल तर स्वतःचा पेला घेऊन येते. धाकटी तीन महिने उशिरा चालायला लागली आणि अजून बरेचसे बोलणे थोरलीवर सोपवते. तिला काही हवे असेल तर ती माझ्याकडे न येता थोरलीचा फ्रॉक ओढते, आणि मग थोरली येऊन मला सांगते, "आई, हिला केळं." थोरली सकाळी चार तास घरात नसेल तेव्हा धाकटी बोलू लागेल की आणखी गप्प होईल, हे मला सांगता येत नाही. आणि धाकटीसाठी थोरलीला थांबवले तर तिच्यावर अन्याय होईल का, हाही प्रश्न सुटत नाही.

तरीही माझा कल थोरलीला थांबवण्याकडे झुकत आहे, त्याची कारणे सांगते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची तारीख आपल्यासारखीच ३१ डिसेंबर आहे. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जानेवारीत जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत डिसेंबरात जन्मलेल्यांना अवधान-अतिचंचलतेचे (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचल असणे) निदान होण्याचे प्रमाण मुलग्यांत ३० टक्के आणि मुलींत ७० टक्के जास्त आढळले. म्हणजे वर्गातले सर्वांत लहान मूल त्याच्या वयाप्रमाणे वागत असते आणि त्यालाच दोष समजले जाण्याचा धोका असतो. अडीच वर्षांच्या आतल्या थोरलीला साडेतीन वर्षांच्या मुलांशेजारी बसवताना मला तेच भय वाटते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत आणि त्यांची बदली होऊ शकते. केंद्रीय विद्यालयांत २०२२-२३ पासून पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या हिशेबाने आमच्या दोघीही २०३० मध्ये एकदमच पहिलीला पात्र होतात. थोरलीला आत्ता एक वर्ष थांबवले तर राज्याच्या शाळेतही ती जून २०३० मध्येच पहिलीत जाईल, आणि कमाल वयाच्या मर्यादेतही ती बसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत असेच म्हटले आहे. तेव्हा वर्ष वाया जाते, असे म्हणणे कितपत बरोबर आहे, हे मी सासूबाईंना अजून नीट समजावू शकलेले नाही.

माझी विनंती मुख्यतः जुळ्यांच्या पालकांना आहे. ज्यांनी पात्र असलेल्या मुलाला दुसऱ्यासाठी थांबवले, त्यांना पुढे त्या मुलाने कधी याबद्दल विचारले का, आणि तुम्ही काय सांगितले? ज्यांची जुळी मुले नाइलाजाने वेगवेगळ्या इयत्तांत गेली, त्यांच्यात मागच्या इयत्तेतल्या मुलाची सतत तुलना झाली का? थोड्या दिवसांच्या फरकासाठी मुख्याध्यापकांकडून सवलत मिळाल्याचा कोणाचा अलीकडचा, म्हणजे ३१ डिसेंबरची तारीख लागू झाल्यानंतरचा, प्रत्यक्ष अनुभव असेल तर तोही सांगावा. आमची धाकटी एकाच दिवसाने मागे राहते.

भर : प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. एका ताईंनी विचारले आहे की, दोघींना एकाच तुकडीत घालणार का? तो आग्रह नाही. इयत्ता एक असावी, एवढेच आम्हाला हवे आहे. शाळेने तुकड्या वेगळ्या दिल्या तर कदाचित धाकटीला स्वतःसाठी बोलावे लागेल आणि ते चांगलेच होईल. ज्या काकांनी थोरलीची जागा यंदा घेऊन ठेवण्यास सुचवले, त्यांना नम्रपणे सांगते की जागा घेऊन पाठवायचे नाही, हे बरोबर वाटत नाही; त्या जागेवर दुसरे मूल जाऊ शकते. सोमवारी आम्ही शाळेत जाऊन थोरलीचा अर्ज मागे घेण्याबाबत बोलणार आहोत. पुढच्या वर्षी दोघींचा अर्ज एकत्र धरतात का, की सोडतीत एकीचे नाव येऊन दुसरीचे राहू शकते, हे तेथे विचारायचे आहे. जुळ्यांसाठी सोडतीत एकच चिठ्ठी टाकणारी शाळा पुण्यात कोणाच्या पाहण्यात असेल, तर रविवारपर्यंत कळवावे.