जर्मनी-स्वित्झर्लंड-इटली, १२ दिवस: रोमिंग पॅक, ई-सिम की तिथलं सिम?

लेथवाला_गोकुळशिरगाव

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मी आणि आमचे सुपरवायझर मशिनरी बघायला निघालोय. मुंबईहून दुबई, तिथं चार तास थांबा, मग फ्रँकफर्ट, स्टुटगार्ट, झुरिक, मिलान आणि परत. माझ्याकडे आयफोन १३ आहे. सुपरवायझरांचा अँड्रॉइड पाच वर्षं जुना, त्यात ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) नाही. दोन्ही नंबर प्रीपेड.

बँकेचे ओटीपी चुकून चालणार नाहीत. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगची देवाणघेवाण, रोज एखादा व्हिडिओ कॉल आणि मॅप एवढं लागेल, साधे कॉल फारसे नाहीत. राजारामपुरीत एका दुकानात ‘युरोप सिम’ मिळतंय, कंपनीच्या ॲपवर रोमिंग पॅक आहेत, आणि ऑनलाइन ई-सिम वेगळेच. काय घ्यावं आणि का?

उजळाईवाडी_टेकऑफ

दर बघायच्या आधी देशांची यादी बघा. तुमच्या मार्गात स्वित्झर्लंड आहे आणि पुष्कळ जण तिथंच अडकतात. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालतं, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड मात्र त्या व्यवस्थेत नाही. त्यामुळं ‘युरोप सिम’ असं लिहिलेलं कार्ड स्टुटगार्टला झकास चालेल आणि झुरिकला उतरल्यावर डेटा बंद पडू शकतो. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पाकिटावर किंवा वेबसाइटवर स्वित्झर्लंडचं नाव छापलेलं बघा, मगच पैसे द्या.

आयफोनसाठी माझं मत सरळ आहे: डेटाला ट्रॅव्हल ई-सिम, आणि भारतीय सिम फक्त ओटीपीसाठी चालू. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, त्यामुळं ओटीपीसाठी मोठा पॅक लागत नाही. पण दोन गोष्टी पक्क्या करा. एक म्हणजे ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल रोमिंग’ चालू आहे का ते बघा. काही कंपन्यांत प्रीपेड नंबरला इंटरनॅशनल रोमिंगचं छोटं रिचार्ज मारल्याशिवाय परदेशात नेटवर्कच धरत नाही, आणि हे तिथं उतरल्यावर कळून उपयोग नाही. दुसरं म्हणजे तुमचा नेहमीचा प्लॅन प्रवासाच्या मध्येच संपणार असेल तर निघायच्या आधीच रिचार्ज करा. मूळ व्हॅलिडिटी संपली की वरच्या पॅकचा भरवसा नाही.

भारतीय सिम फोनमधून काढून पाकिटात ठेवू नका. यूपीआय आणि बँकेची ॲप सिमला बांधलेली असतात. सिम हललं की पुन्हा नोंदणी मागतात, आणि त्यासाठी तुमच्या नंबरवरून एसएमएस बाहेर जावा लागतो. परदेशातून तो बऱ्याचदा जात नाही.

शाहूपुरी_रिपेअर

सुपरवायझर साहेबांच्या फोनबद्दल. आधी सिमचा ट्रे बाहेर काढून बघा. त्या काळातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये हायब्रिड ट्रे असतो, म्हणजे दुसऱ्या खाचेत एकतर सिम बसतं नाहीतर मेमरी कार्ड. कार्ड काढायची तयारी नसेल तर दुसरं सिम हा विषयच मिटला.

दुसरी गोष्ट बँडची, म्हणजे फोन पकडू शकतो त्या फ्रिक्वेन्सींची, आणि ही कुणी सांगत नाही. युरोपात गावाबाहेर आणि इमारतींच्या आत ८०० मेगाहर्ट्झचं ४जी, म्हणजे बँड २०, महत्त्वाचं असतं. भारतासाठी बनवलेल्या स्वस्त फोनमध्ये पुष्कळदा बँड ३, ५, ४० एवढेच असतात. बँड ३ तिकडंही आहे, त्यामुळं शहरात रस्त्यावर अडत नाही. पण कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलात की रेंज गायब. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर एलटीई (४जी) बँडची यादी वाचा. पूर्वी ४जी नाही मिळालं तर ३जी धरायचं. जर्मनीत ३जी २०२१ मध्येच बंद झालं, त्यामुळं तिथं फोन थेट २जीवर घसरतो आणि २जीवर ड्रॉइंग उघडणं शक्य नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २जीपण गेलं.

म्हणून त्यांना वेगळं युरोप सिम घेऊन देऊ नका. त्यांच्या आहे त्या नंबरवर कंपनीचा लहानात लहान रोमिंग पॅक टाका, बाकी दोघं एकत्र असाल तेव्हा आयफोनचा हॉटस्पॉट. जर्मनीत जाऊन सिम घ्यायचा बेत असेल तर तोही सोडा. तिथं २०१७ पासून प्रीपेडलाही पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, आणि ती पटेपर्यंत सिम मुकं. दोन-तीन महिने राहणाऱ्याला ते परवडतं, १२ दिवसांत तीन देश फिरणाऱ्याला नाही.

लेथवाला_गोकुळशिरगाव

स्वित्झर्लंडचं डोक्यातच नव्हतं, आभारी आहे. आता सांगा, ई-सिम इथंच टाकायचं की तिथं उतरून? दुबईतल्या चार तासांत काही पैसे कापले जातील का? आणि किती जीबी घेऊ?

उजळाईवाडी_टेकऑफ

इथंच टाका, घरच्या वाय-फायवर, निघायच्या एक-दोन दिवस आधी. ई-सिम उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं, म्हणून विमानतळावर धावपळीत करू नका. डायल पॅडवर *#०६# दाबा. यादीत ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) दिसला तर फोन ई-सिम घेतो. क्यूआर कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर ठेवा, कारण ज्या फोननं स्कॅन करायचं त्याच्याच स्क्रीनवर कोड असेल तर पंचाईत होते. बऱ्याच कंपन्यांचा कोड एकदाच चालतो. ‘चालत नाही’ म्हणून ई-सिम डिलीट केलं तर पैसे गेले असंच समजा. दिवस कधीपासून मोजतात तेही वाचून घ्या: बहुतेकांचे परदेशातलं नेटवर्क धरल्यापासून, पण काहींचे इन्स्टॉल केल्यापासूनच.

मग सेटिंग. नव्या लाइनला ‘ट्रॅव्हल’ असं नाव द्या आणि फ्रँकफर्टला उतरेपर्यंत बंद ठेवा. भारतीय लाइनचं डेटा रोमिंग बंद. मोबाईल डेटामध्ये ‘अलाऊ मोबाईल डेटा स्विचिंग’ हे बटण बंद. ते चालू राहिलं तर ट्रॅव्हल लाइनची रेंज पडली की फोन भारतीय सिमचा डेटा वापरायला बघतो. फ्रँकफर्टला उतरल्यावर ट्रॅव्हल लाइन चालू करा, डेटासाठी तीच निवडा आणि तिचं डेटा रोमिंग चालू करा. इथंच लोक चुकतात. रोमिंग म्हटलं की बिल येणार या धास्तीनं दोन्हीकडं बंद ठेवतात, मग नेट येत नाही. ते ई-सिम बऱ्याचदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, त्यामुळं जर्मनीत ते रोमिंगवरच असतं.

पाच मिनिटांत डेटा आला नाही तर फ्लाइट मोड लावून काढा, मग फोन रीस्टार्ट करा. तरी नाही, तर एपीएन (इंटरनेट जोडणीची सेटिंग) कंपनीच्या मेलमध्ये दिलंय तसंच अक्षर न अक्षर जुळवा. शेवटी नेटवर्क निवड ऑटोमॅटिकवरून काढून हातानं दुसरं नेटवर्क धरून बघा. व्हॉट्सॲपनं ‘नंबर बदलायचा का’ विचारलं तर नाही म्हणा.

दुबईत दोन्ही फोन फ्लाइट मोडवर ठेवून विमानतळाचं वाय-फाय वापरा. सुपरवायझरांच्या पॅकमध्ये यूएई येत असेल तर दुबईत नेटवर्क धरताच त्याचे दिवस सुरू होऊ शकतात. यूएईत व्हॉट्सॲप कॉल अडवलेले असतात, त्यामुळं मेसेज पाठवा, कॉल लागत नाही म्हणून सेटिंगशी खेळू नका. विमानातही फ्लाइट मोड सोडू नका. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि साध्या पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं.

करवीर_हिशेबनीस

जीबीचा हिशेब. व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे रोज २० मिनिटं धरली तर १२ दिवसांत १.२ जीबी. व्हॉइस कॉल मिनिटाला अर्धा एमबी, तो किरकोळ. मॅपला तासाला पाचेक एमबी, आणि जर्मनी, झुरिक, मिलानचे नकाशे आधीच ऑफलाइन उतरवले तर त्याहून कमी. ड्रॉइंग, फोटो, मेल रोज १०० एमबी धरा, ते आणखी १.२ जीबी. एकट्याला ५ जीबी पुरतं. हॉटस्पॉट देणार म्हणून १० घ्या, पण त्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट चालतो असं लिहिलेलं असू दे.

डेटा खरा खातात ते न मागता चालणारे उद्योग. फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा, ॲपचे ऑटो-अपडेट बंद करा, आणि व्हॉट्सॲपमध्ये मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडणार असाल तर विंडोजमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करा, नाहीतर एकच अपडेट निम्मा पॅक गिळतो. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या प्लॅनची बारीक अक्षरं वाचा. रोजची मर्यादा संपली की वेग इतका पाडतात की व्हिडिओ कॉल टिकत नाही.

रोमिंग पॅकचा ‘एक दिवस’ म्हणजे २४ तास की भारतीय तारीख, हे कस्टमर केअरला विचारा. तारखेवर मोजत असतील तर उन्हाळ्यात जर्मनीत रात्री साडेआठलाच दिवस बदलतो, हिवाळ्यात साडेसातला.

आणि दोन्ही भारतीय नंबरवरचं कॉल फॉरवर्डिंग निघायच्या आधी बंद करा. फोन लागला नाही की फॉरवर्ड झालेला कॉल परदेशातून परत भारतात वळतो आणि दोन्ही बाजूंचे पैसे तुमच्याच खात्यातून जाऊ शकतात.