मदत हवी आहे: गिरिपुष्पाच्या फांद्या घरात फुलवायच्या आहेत

मंडळी, कोल्हापुरात माघाच्या सुमारास पानं गळलेल्या गिरिपुष्पावर (ग्लिरिसिडिया, कुंपणाला लावतात ते झाड) कळ्या धरतात. तसल्या फांद्या घरात पाण्यात ठेवून फुलवायच्या आहेत. (फुलायला सफरचंदासारखी कडक थंडीची अट याला नाही, हे बरं.)

आत्ताची रीत: सकाळी लवकर बोटाएवढी जाड, दोन-अडीच फुटांची फांदी. देठ तिरका आणि पाण्यात बुडवूनच कापायचा, म्हणजे देठातल्या पाणी ओढणाऱ्या नळ्यांत हवा अडकत नाही. बुडणाऱ्या कळ्या खुडायच्या. लिटरला दोन छोटे चमचे साखर, पाणी दिवसाआड ताजं.

तरी रंग धरलेल्या कळ्याच उमलतात, हिरव्या गळतात. जवळ पिकलेली केळी नाहीत, त्यामुळे इथिलीनचा (पिकत्या फळांतून सुटणारा, कळ्या गाळणारा वायू) संशय कमी. साखरेनं पाणी बुळबुळीत होऊन देठ तुंबतोय, का हिरव्या कळीला फांदीतला साठा पुरत नाही? पाण्यातले जंतू मारायला ब्लीच किती थेंब घालता? आणि पांगारा असा कुणी फुलवलाय का?