आग विझल्यावर सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवायचा की नाही?

गोदामपाल:
धंद्याच्या जागी आग लागली की चहूकडून एकच सल्ला येतो: "सर्व्हेअर बघून जाईपर्यंत कशालाही हात लावू नका." सर्व्हेअर म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेला माणूस. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. जळायचं ते जळून गेलेलं असतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत नासतो तो वाचलेला माल. बंबाच्या पाण्याने पुठ्ठ्याचे खोके खालून मऊ पडतात, थप्पी एका बाजूला कलते आणि वरचा धड माल काळ्या चिखलात येऊन पडतो. ओल्या कागदाला, कापडाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस थर चढतो.

शिवाय आगीच्या पॉलिसीत सहसा अट असते की नुकसान वाढू नये म्हणून विमेदाराने वाजवी ते सगळं करायचं. म्हणजे हात बांधून बसणं हाच अटीचा भंग ठरू शकतो. म्हणून विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, पण परवानगीची वाट पाहू नका. अग्निशमन दलाने आत जायला हरकत नाही म्हटलं आणि मेन स्विच बंद केल्याची खात्री झाली, की छतावर ताडपत्री टाका, पाणी उपसा आणि कोरडा माल दुसऱ्या शेडमध्ये न्या.

पडताळणी:
अजिबात पटलं नाही. अटीतला "वाजवी" हा शब्द तुम्ही लिहिलात खरा, पण पुढे विसरलात.

सर्व्हेअरला तीन गोष्टी शोधायच्या असतात: आग कुठून सुरू झाली, त्या दिवशी माल किती होता आणि त्यातला खरोखर किती गेला. तिन्हींची उत्तरं जागेवर पडलेली असतात. घट्ट रचलेल्या कापडाच्या किंवा कागदाच्या थप्पीचा गाभा सहसा पूर्ण जळत नाही, कारण आतपर्यंत हवाच पोचत नाही. कडा कोळसा झालेल्या असतात, पण मधे घड्या सुट्या करून मोजता येतात. तयार कपड्यांच्या राखेत धातूची बटणं आणि चेनचे दात सापडतात. रॅकचे वाकलेले पाय जागच्या जागी असले, तर किती ओळी आणि किती कप्पे होते ते कळतं. हे सगळं फावड्याने ओढून एका ढिगात टाकलंत, की रजिस्टरात ५०० गाठी लिहिलेल्या असोत की ५०, जागा काहीच बोलत नाही. नुकसान किती झालं ते सिद्ध करायचं काम विमेदाराचं असतं. पुरावा त्याच्याच हातून गेला, तर उरलेली शंका त्याच्याच वाट्याला येते.

कारणाचंही तसंच. शॉर्ट सर्किटमध्ये तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळून छोटासा गोल मणी तयार होतो. तो मणी आगीचं कारण की आगीत इन्सुलेशन जळल्यामुळे झालेला परिणाम, हे तार कुठे आणि कशी पडली होती यावरूनच ठरवता येतं. तार उचलून डब्यात ठेवलीत की तो मणी निरुपयोगी. आग दुसऱ्याच्या चुकीने, समजा सदोष यंत्रामुळे लागली असेल, तर भरपाई दिल्यावर त्या दुसऱ्याकडून वसुली करायचा हक्क विमा कंपनीकडे येतो. पुरावा घालवून तुम्ही तोही हक्क बुडवता, आणि मग कंपनी तुमच्या दाव्यावर बोट ठेवते.

यंत्रशाळा:
तुम्ही दोघंही मालाबद्दल बोलताय. यंत्रांचं गणित वेगळं आहे, आणि तिथे वाट पाहणं सगळ्यात महाग पडतं.

केबलवरचं आवरण बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचं असतं, आणि शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, काजळीबरोबर सगळीकडे बसतो आणि ओलावा मिळाला की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. हा धूर आगीपासून तीन खोल्या लांबच्या, पाण्याचा थेंबही न लागलेल्या कंट्रोल पॅनेलमध्ये जातो. सुरुवातीला फक्त राखाडी धूळ दिसते. काही दिवसांत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर आणि जस्ताच्या मुलाम्यावर पांढरी भुकटी येते. मग "पॅनेलला आग लागलीच नव्हती, हा गंज निष्काळजीपणाचा" असा वाद उभा राहतो.

यंत्र "चालतंय का बघू" म्हणून चालू करू नका. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे दुरुस्त होण्याजोगं इलेक्ट्रॉनिक कार्ड तिथेच जळून जातं. यूपीएस आणि बॅटऱ्यांची जोडणी काढा. खोली प्लास्टिकने बंद करून डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावा आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणा, तिथे गंजाचा वेग एकदम पडतो. उघड्या मशीन केलेल्या पृष्ठभागांवर पाणी हटवणारं गंजरोधक तेल मारा. काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत मुरते आणि आम्लाला हवं ते पाणी आयतं मिळतं. यात एकही वस्तू जागची हलत नाही. आग जिथून लागली ती खोली सोडून बाकी सगळीकडे हे पहिल्याच दिवशी करता येतं, त्यामुळे पडताळणी यांचा आक्षेप इथे लागू होत नाही.

गोदामपाल:
यंत्रांचं मान्य. पण पडताळणी, तुम्ही हलवणं आणि नष्ट करणं यांची गल्लत करताय. फावड्याने ढीग करा असं कोण म्हणालं? आधी चारही कोपऱ्यांतून पूर्ण जागेचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. जमिनीवर खडूने चौकोन आखून त्यांना क्रमांक द्या, आणि फोटोत तो क्रमांक लिहिलेली पाटी व मोजपट्टी दिसू द्या. मगच त्या चौकोनातला माल उचला, आणि नव्या जागी त्याच क्रमांकाखाली ठेवा. कंपनीला ईमेल करा: "उद्या सकाळी १० वाजता ब विभागातला ओला माल हलवत आहोत, कोणाला पाठवायचं असल्यास पाठवा." इतकं केल्यावर पुरावा गेला असं कोण म्हणेल?

पडताळणी:
ईमेल उत्तम, आणि वेळ लिहिलेला तर फारच चांगला. पण फोटोला वजन नसतं, वास नसतो. धुराचा वास लागलेलं कापड फोटोत नवं कोरं दिसतं. डागी मालाची किंमत किती उतरली यावर सर्वात जास्त भांडण होतं, आणि ते हातात घेऊनच ठरतं. कोरडा माल हलवा, माझी हरकत नाही. आग लागली तो भाग दोरी लावून बंद ठेवा, तिथे पाणी उपसायलाही कोणाला पाठवू नका. आणि भंगार काही झालं तरी विकू नका. त्याची किंमत दाव्यातून वजा होते. ती ठरायच्या आधी माल गेला, तर कंपनी स्वतःच्या अंदाजाने वजा करते.

खातेवही:
जागेवर इतकं बोलणं झालं, पण आकडा शेवटी वहीतून निघतो. आग लागलेल्या दिवशीचा साठा असा काढतात: सुरुवातीचा साठा ४० लाख, त्यात खरेदी ११० लाख, एकूण १५०. विक्री १५० लाख, तिच्यात ठोक नफा (विक्री वजा मालाची मूळ किंमत) २० टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची मूळ किंमत १२० लाख. साठा उरतो ३० लाख. मोजदादीत ८ लाखांचा धड माल निघाला तर नुकसान २२ लाख, त्यातून भंगाराची किंमत वजा.

घोळ इथे होतात: बिल आलं पण माल वाटेतच होता, विक्री नोंदली पण माल गोदामातच होता, वर्षानुवर्षं न खपलेला माल पूर्ण किमतीने धरला. माल विक्रीच्या किमतीने मागणं ही तर नेहमीची चूक. तसं खास कलम नसेल तर मूळ किंमतच मिळते.

आणि साठा फुगवून सांगायचा मोह होत असेल तर हे बघा. विमा ६० लाखांचा, त्या दिवशीचा साठा ८० लाखांचा, नुकसान ४० लाखांचं. ॲव्हरेज (साठ्यापेक्षा विमा कमी असेल तर भरपाई त्याच प्रमाणात कमी करायचा नियम) लावून हातात येतात ३० लाख, कारण विमा पाऊणच होता. साठा जितका जास्त दाखवाल तितकं हे प्रमाण तुमच्याविरुद्ध जातं.

हलवण्याच्या वादात मात्र मी गोदामपाल यांच्या बाजूने आहे. कामकाज बंद राहिल्याचा विमा घेतला असेल तर त्यातली भरपाई मिळायची मुदत, समजा १२ महिने, आगीच्या तारखेपासून मोजतात. सर्व्हेअर उशिरा आला म्हणून ती लांबत नाही. वाट पाहण्यात गेलेले तीन आठवडे त्याच १२ महिन्यांतून जातात.

पडताळणी:
बंद कामकाजाचा मुद्दा खरा आहे, तो माझ्याकडून निसटला होता. मग घाई करायची तर अंतरिम रकमेची मागणी लवकर करा. जो भाग वादात नाही त्यावर ती देता येते, आणि त्यातून नवी मशिनरी मागवता येते. पावती घेताना तिच्यावर "खात्यावर" (म्हणजे एकूण रकमेपैकी काही भाग) लिहिलंय की "पूर्ण व अंतिम", ते वाचूनच सही करा.

गोदामपाल:
आणखी एक. ताडपत्री, पंप, डिह्युमिडिफायरचं भाडं, मजुरी हा खर्च कंपनी देईलच असं धरू नका. पॉलिसीत नुकसान कमी करण्याचा आणि राडारोडा उचलण्याचा खर्च वेगळा लिहिलाय का आणि मर्यादा किती, ते पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. मजुरांची नावं, तास आणि कोणत्या क्रमांकाच्या चौकोनात काम केलं, हे रोज संध्याकाळी लिहून त्यावर मुकादमाची सही घ्या.

पडताळणी:
त्या वहीत एक रकाना वाढवा: चौकोनातून काय निघालं आणि ते कुठे ठेवलं. पण आग लागली त्या भागाबद्दल माझं मत बदललेलं नाही.