घोट्याचं ऑपरेशन: करू की नको?

मीनल_डोंबिवली
सहा वर्षांपूर्वी पावसात स्टेशनच्या जिन्यावर उजवा पाय मुरगळला. हाड शाबूत, म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून चौथ्या दिवशी सकाळची फास्ट पकडली. तेव्हापासून घोट्याचा भरवसा नाही. पेव्हर ब्लॉकवर पाय आत वळतो, संध्याकाळी लिंबाएवढी सूज. एमआरआयमध्ये बाहेरचं लिगामेंट सैल आणि घोट्यातल्या टेलस हाडाच्या कूर्चेला (हाडावरच्या गुळगुळीत अस्तराला) इजा दिसली. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने आतलं साफ करू आणि लिगामेंट घट्ट शिवू. वय ४४, शिक्षिका, दिवसभर उभी. काय करू?

परळचा_बोका
नको. आधी सांगा, फिजिओ किती केलीत? त्यात शेक आणि मशीन धरू नका. पाय वळायला लागला की नडगीच्या बाहेरचे स्नायू त्याला आवरतात. ते तयार करावे लागतात, तेही तीन-चार महिने. मी दात घासताना दुखऱ्या पायावर उभा राहायचो. आधी बेसिन धरून, मग हात सोडून, मग डोळे मिटून. दोन शर्टांवर पेस्ट सांडली, पण यंदा लालबागच्या गर्दीत एकदाही मुरगळला नाही.

कुमुदआत्या
बोकोबा, तुमची कूर्चा धड होती, म्हणून निभावलं. गुडघा वयाने झिजतो, घोटा बहुतेकदा जुन्या दुखापतीने. माझ्या भावाने अशीच चालढकल केली, शेवटी ऑपरेशनने हाडं जोडून सांधा कायमचा जखडावा लागला. दुखणं गेलं, पण उकिडवं बसणंही गेलं. चाळीत सार्वजनिक संडास, खाली बसायचं! कमोडची खुर्ची घेऊन रांगेत उभा राहायचा बिचारा. मी स्वतः वर्षभर व्यायाम केला आणि मगच लिगामेंट शिवून घेतलं. ब्रॉस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश सर्जनची १९६६ची पद्धत आहे, प्रयोग नव्हे. तिसऱ्या मजल्यावर बसत-सरकत चढले, ते सहा आठवडे मात्र विचारू नका.

गिरगावकर७
आमच्याकडे एक मालिशवाला आहे, हाडं बसवतो.

कुमुदआत्या
सैल लिगामेंट चोळून घट्ट होत नाही हो.

परळचा_बोका
आत्या, तुम्हीही वर्षभर व्यायाम केलातच की! मी तेच म्हणतोय. शिवलेलं लिगामेंटही व्यायामाशिवाय चालत नाही, मग आधीच का नको? आणि सहा आठवड्यांवर भागत नाही. पुढे घोट्याला आधार देणारा तो जाड बूट घालून लोकलमध्ये चढायचं, तेही डोंबिवलीहून! मीनलताई, दुखतं जास्त की डळमळतं जास्त? ही दोन वेगळी दुखणी आहेत. डळमळण्यावर व्यायामाचा उतारा आहे, खोल आत दुखत असेल तर मी गप्प बसेन.

कुमुदआत्या
हा प्रश्न बरोबर विचारलात. (बोक्याशी सहमत व्हावं लागतंय, काय दिवस आलेत.) कूर्चेची इजा किती मिलिमीटर, हे डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या सर्जनला एमआरआयची सीडी दाखवा, नुसता रिपोर्ट नको.

मीनल_डोंबिवली
फिजिओ झाली बारा दिवस, शेक आणि मशीनच. चालताना डळमळतं, तिसऱ्या तासाला खोल आत दुखतं, म्हणजे दोन्ही. ऑपरेशन केलंच तर मेच्या सुट्टीत, तोवर पाच महिने हातात आहेत. आत्ता ओट्याशी उभी राहून पाहिलं. डाव्या पायावर कुकरची शिट्टी होईपर्यंत टिकले. उजव्यावर सहा सेकंद.