शब्दचर्चा: वैमानिकाची 'दिशाभूल' की 'स्थितिभ्रम'? आणि 'निअर मिस'ला मराठीत काय? (बोलणाऱ्यांची नावं म्हणजे सोलापुरातले त्यांचे भाग)

होटगी रोड: जून २०२५ मध्ये सोलापूर–गोवा विमान सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडं विमानाच्या बातम्या आवडीनं वाचल्या जातात. 'ढगात वैमानिकाची दिशाभूल, दोन विमाने थोडक्यात बचावली' अशा मथळ्यात 'दिशाभूल' चालेल का? 'निअर मिस'ला, म्हणजे दोन विमानं धोकादायक जवळ येण्याला, रुळलेला शब्द आहे का?

दक्षिण कसबा: 'दिशाभूल' नको मालक. ती कुणीतरी मुद्दाम करतं. इथं फसवतो तो आपलाच कान. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव मागं राहिला की वळल्याचं कळतं. एकसारखं वळण चालू राहिलं तर साधारण वीस सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगानं फिरायला लागतो आणि वळण संपलंच असं वाटतं. मग विमान खरोखर सरळ केलं की ते उलट्या बाजूला कलल्याचा भास होतो, आणि वैमानिक पुन्हा जुन्या वळणात शिरतो. सेकंदाला दोन अंशांहून हळू कलणं तर कळतच नाही. क्षितिज दिसत असलं तर डोळे सावरून घेतात. ढगात, किंवा रात्री समुद्रावर, ते दिसत नाही. उत्तर-दक्षिण ठीक असते, वर-खाली बिघडतं. म्हणून 'स्थितिभ्रम'.

नवी पेठ: 'चकवा' छान वाटला असता.

दक्षिण कसबा: चकव्यात माणूस फिरून त्याच जागी येतो. इथं तेवढी सवलत नाही. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं बोइंग ७४७ मुंबईहून उडालं आणि वांद्र्याजवळ समुद्रात पडलं, २१३ जण गेले. कप्तानासमोरचा कलदर्शक, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, बिघडून उजवा कल दाखवत राहिला, तो विमान डावीकडं कलवत गेला. काळोखात बाहेर बघून पडताळायला काही नव्हतं. दोन वैमानिकांचे कलदर्शक आणि राखीव कलदर्शक सतत ताडून बघायचे, हा नियम त्यासाठीच.

जुळे सोलापूर: आता 'निअर मिस'. 'थोडक्यात बचावली' म्हटलं की पंखाला पंख घासता घासता राहिला असं वाटतं. नियंत्रित हवाई हद्दीत मोजमाप वेगळं आहे. रडारच्या देखरेखीखाली मार्गावरच्या विमानांत साधारण ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर आडवं अंतर, नाहीतर १,००० फूट उभं अंतर ठेवतात. दोन्ही एकदम तुटली की नोंद होते. प्रवाशाला खिडकीतून काही दिसलेलंही नसतं. याला 'अंतरभंग' म्हणावं. स्थितिभ्रम झालेल्या वैमानिकानं ठरलेली उंची सोडली की हे १,००० फूट बघता बघता संपतात. उंचीचं मोल हरियाणातल्या चरखी दादरीला कळलं, १२ नोव्हेंबर १९९६: सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंत परवानगी, कझाक विमानाला १५,००० पर्यंत. कझाक विमान त्याखाली उतरलं आणि दोन्ही हवेत आदळली. ३४९ मृत्यू.

होटगी रोड: मग 'टक्कर टळली' कधी लिहायचं?

जुळे सोलापूर: टीकॅस यंत्रानं (दुसरं विमान फार जवळ आलं की वैमानिकाला सावध करणारं विमानातलं यंत्र) 'वर जा' किंवा 'खाली जा' असा आदेश दिला आणि त्यानं विमानं दूर झाली, तेव्हा लिहा. आधी ते यंत्र नुसतं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणतो. ती सूचना, आदेश नव्हे. आदेश आला की नियंत्रक उलट सांगत असला तरी टीकॅसचंच ऐकायचं. धावपट्टीवर कुत्रं आलं म्हणून विमान न उतरता परत वर गेलं, तर तो 'गो-अराउंड'. ती नेहमीची, शिकवलेली कृती आहे, तिला मथळ्यात टकरीच्या पंगतीला बसवू नका.